मासा कोणता ते नंतर, आधी घरं मोजा

अकोल्याहून एका ताईंनी विचारलंय. घर पूर्ण शाकाहारी. रविवारचं मोठं शब्दकोडं त्या आणि त्यांचे सासरे मिळून सोडवतात. नद्या, डोंगर, संत, नट सगळं भराभर भरून होतं, पण मासे नि कोंबड्या आल्या की दोघांचंही घोडं अडतं. अडलेले पाच क्लू त्यांनी दिलेत, कोड्याचा फोटोही जोडलाय. आडवा ५, ‘समुद्रातला स्वस्त, तेलकट मासा’, तीन अक्षरं, मधलं ‘र’ उभ्या ‘साक्षरता’मुळे आलेलं. उभा ५, ‘लाल तुऱ्याचा’, चार अक्षरं, दुसरं ‘म्र’ आडव्या ‘नम्रता’मुळे आलेलं. ‘अंड्यांवर बसून राहिलेली कोंबडी’, तीन अक्षरं, शेवटी ‘क’. ‘मुंबईचे बदक’, तीन अक्षरं, सगळं कोरं. आणि आडवा २१, ‘छोटा शार्क’, दोन अक्षरं, तेही कोरं. शेवटी त्या विचारतात, माशांची यादी पाठ करू का, आणि करायची तर कुठली?

यादी करा, पण घाई नको. मी एका साप्ताहिकासाठी आणि काही दिवाळी अंकांसाठी बरीच वर्षं शब्दकोडी रचतोय. मूळचा साताऱ्याकडचा. मासे आवडीनं खातो, पण कोळणीच्या पाटीपुढे उभं केलंत तर पापलेट आणि बांगडा सोडून तिसरा मासा छातीठोकपणे ओळखेन असं नाही. तरी कोड्यातला मासा मला क्वचितच अडवतो. तेव्हा तुमची अडचण शाकाहाराची आहे असं मला वाटत नाही. तुम्ही हे क्लू प्राणिशास्त्राच्या पेपरासारखे वाचताय, तिथे गाडी अडतेय.

रचणाऱ्याच्या बाजूनं बघा. कोडं जुळवताना आमच्या डोक्यात मासा आधी नसतोच. ‘साक्षरता’, ‘नम्रता’ असे भारदस्त शब्द बसवून झाले की कडेला तीन घरं उरतात, त्यात मधे ‘र’ अडकलेला असतो. मग आम्ही अशा घडणीचा शब्द शोधत सुटतो. भाज्या बघतो, गावं बघतो, भांडी बघतो, आणि ‘तारली’ सापडली की हुश्श करतो. क्लू त्यानंतर लिहिला जातो, तोही दोन मिनिटांत. म्हणजे तो मासा तिथे आला तो त्याच्या अक्षरांमुळे. सोडवणाऱ्यानंही त्याच वाटेनं उलटं जावं. आधी घरं किती, आलेलं अक्षर कुठलं आणि ते कितव्या घरात, हे पक्कं करायचं. मासा कोणता हा विचार त्यानंतरचा.

मराठी कोड्यात हे जास्तच चालतं, कारण आपल्याकडे एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. ‘बांगडा’ची तीन घरं म्हणजे ‘बां’, ‘ग’, ‘डा’. पहिल्या घरातून उभा शब्द काढायचा तर तो ‘बां’वरूनच हवा. बांबू, बांडगूळ, बांधकाम, फार पर्याय नाहीत. उलट ‘रावस’मधला ‘व’ आणि ‘स’ सुटे, ‘मरळ’ची तर तिन्ही घरं सुटी. सुटं अक्षर दुसऱ्या शब्दात कुठेही मिसळतं, म्हणून रचणारे रावस आणि मरळ यांच्यावर जीव टाकतात. ‘सुरमई’ आवडायचं कारण वेगळं. तिच्या शेवटी नुसती ‘ई’ आहे. आई, ताई, सनई, कमाई असल्या शब्दांना टेकवायला ती बरी पडते. तुम्हाला कधी चार घरांच्या माशात शेवटी ‘ई’ आलेली दिसली तर पुढे विचार करू नका, सुरमई लिहून मोकळ्या व्हा. तीन घरांत मधे ‘रं’ आला तर ‘सरंगा’ किंवा ‘करंदी’. पहिला मासा, दुसरी छोटी कोळंबी.

आता तुमचा आडवा ५. मधे सुटा ‘र’ असलेले तीन अक्षरी मासे मला दोनच सुचतात, तारली आणि मरळ. मरळ गोड्या पाण्यातली, नदी-तलावातली. क्लूमध्ये ‘समुद्रातला’ लिहिलंय, म्हणजे तारली. ‘तेलकट’ हा शब्दही तिच्याकडेच बोट दाखवतो. तारली चांगलीच तेलकट असते आणि बांगड्यासारखीच साध्या माणसाच्या ताटातली आहे. इथे क्लूमधला एकेक शब्द कसा कामाला येतो बघा. नुसतं ‘एक मासा’ असं लिहिलं असतं तर मी पेन्सिलीनं दोन्ही लिहून पुढे गेलो असतो.

आणि आता गंमत. आडवा ५ आणि उभा ५, दोघांचा आकडा एकच. म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातून निघतात. तारली बसली की उभ्या ५ ला पहिलं अक्षर ‘ता’ फुकट मिळालं, ‘म्र’ तुमच्याकडे होताच. ‘ताम्र’ म्हणजे तांबं. तांब्याच्या रंगाची चूडा, म्हणजे शेंडी, ज्याला आहे तो ताम्रचूड. उत्तर कोंबडा. ‘कोंबडा’ तीनच अक्षरी आहे हे बघून तुम्ही गोंधळला असाल. नियम लक्षात ठेवा, रोजचा शब्द घरांत मावत नसेल तर रचणाऱ्यानं संस्कृतातून काहीतरी उचललेलं असतं. कोंबड्याच्या बाबतीत हे उचलणं अमरकोशातल्या एका ओळीवर भागतं: ‘कृकवाकुस्ताम्रचूडः कुक्कुटश्चरणायुधः’. चार नावं, चारही कोड्यात येतात. कुक्कुट तीन घरांचा, कृकवाकु आणि ताम्रचूड चार-चार, चरणायुध पाच. पाय हेच ज्याचं हत्यार तो चरणायुध. कोंबड्यांची झुंज ज्यानं बघितलीय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. एवढी एक ओळ पाठ केलीत तर कोंबडा तुम्हाला संस्कृताच्या बाजूनं पुन्हा अडवणार नाही.

कोंबडीचं प्रकरण माशापेक्षा मुळात वेगळं आहे. माशांत नावं विचारतात, कोंबडीत घरातले शब्द विचारतात. कारण साधं आहे. मासे पन्नास जातींचे, कोंबडी एकच, पण ती अंगणात वावरणारी, म्हणून तिच्याभोवती शब्दांचा संसार मोठा. तुमचा तिसरा क्लू त्यातलाच. अंड्यांवर बसायच्या ओढीनं खाणं-फिरणं सोडून एका जागी फुगून बसते ती ‘खुडूक’. तीन अक्षरं, शेवटी ‘क’, बरोबर. कोकणात तिला रवणीला बसली म्हणतात, त्यामुळे ‘रवण’ हाही शब्द कधी भेटेल. अंडी द्यायच्या वयाला येत असलेली तरुण कोंबडी ‘तलंग’, आणि हा शब्द आजही सरकारी कुक्कुटपालन योजनांच्या कागदात जिवंत आहे. कोंबड्यांचं घर ‘खुराडं’, झाकायची टोपली ‘डालगं’, डोक्यावर ‘तुरा’, पहाटेची ‘बांग’. अंड्यात ‘बलक’, बाहेर ‘टरफल’. यातला ‘बलक’ तर रचणाऱ्यांचा लाडका, कारण तिन्ही अक्षरं सुटी, कुठेही बसवा. ‘कोंबडीचं अंडं उबायला लागणारे दिवस’ असं विचारून चार घरं दिली असतील तर ‘एकवीस’.

जातींचे क्लू थोडे. काळ्या मांसाची, मध्य प्रदेशातल्या झाबुआची ‘कडकनाथ’, पाच घरं. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ती कोड्यांत जरा जास्तच फिरते. झुंजीची ‘असील’ तीन घरांची. आणि दोन सापळे आहेत, ‘वनराज’ आणि ‘गिरिराज’. दोन्ही परसातल्या कोंबड्यांच्या सुधारित जाती, पहिली हैदराबादची, दुसरी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. पण ‘वनराज’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे सिंह येतो आणि ‘गिरिराज’ म्हटल्यावर हिमालय. ‘जंगलात सिंह, परसात कोंबडी’ असा क्लू मी स्वतः एकदा दिला होता. संपादकांनी फोन करून खात्री करून घेतली.

एक ताकीद अक्षरांबद्दल. वर जे सगळं सांगितलं ते रचणारा शुद्धलेखन पाळतो असं धरून. प्रमाणलेखनाच्या नियमानं अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीची इकार-उकाराची मात्रा दीर्घ, म्हणून बोंबील आणि खुडूक. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून कुक्कुट आणि तिमिंगिल मात्र ऱ्हस्व. पण बऱ्याच कोड्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह नसतो. आडव्यात ‘बि’ आणि उभ्यात ‘बी’ एकाच घरात सुखानं नांदतात. ‘अंडे’ की ‘अंडं’, ‘खुराडे’ की ‘खुराडं’ हेही त्या त्या वर्तमानपत्राच्या वळणावर असतं. तुमच्या कोड्याची मागच्या दोन-तीन रविवारची उत्तरं काढून बघा, त्यांचं वळण कळेल. शेवटचं अक्षर ‘डे’ की ‘डं’ यावरून आख्खा उभा शब्द फसतो, म्हणून हे महत्त्वाचं.

दुसरी परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे रचणाऱ्याचं गाव. माशाचं नाव किनाऱ्याच्या दर पन्नास मैलांवर बदलतं. मुंबईचं पापलेट मालवणकडे सरंगा. मुंबईची सुरमई तिकडे इसवण. खेकडा म्हणाल तर कोळीवाड्यात चिंबोरी आणि मालवणीत कुर्ली. कोळंबीला सिंधुदुर्ग-गोव्यात सुंगटं म्हणतात. घरं मोजलीत तर यातली काही भांडणं आपोआप मिटतात. पापलेट चार, सरंगा तीन. कुर्ली दोनच, कारण ‘र्ली’ हे जोडाक्षर एका घरात. पण खेकडा आणि चिंबोरी दोन्ही तीन, सुरमई आणि इसवण दोन्ही चार. तिथे क्लूमध्ये ‘मालवणी’, ‘कोळ्यांचा’ असा काही इशारा असेल तर तो दागिन्यासारखा जपा. इशारा नसेल तर मुंबईचं नाव आधी धरून बघा. पुण्या-मुंबईत रचलेलं कोडं विदर्भातही तसंच छापलं जातं, आणि रचणाऱ्यानं मासा बहुधा दादरच्या नाहीतर सिटीलाइटच्या बाजारात बघितलेला असतो.

म्हणून तुमच्याकडचे मासे कोड्यात कमी दिसतात. पण दिसतात. रोहू, कटला आणि मृगळ हे तळ्यातल्या मत्स्यशेतीचं त्रिकूट, ‘शेततळ्यातला मासा’ म्हटलं की या तिघांतला एक. मरळ वर आलीच. उजनी धरणाचं नाव क्लूमध्ये असेल तर चिलापी. भिगवणच्या हॉटेलांनी ती इतकी गाजवलीय की ती मूळची परदेशातली आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. ‘वाम’ गोड्या पाण्यातही आणि समुद्रातही, सापासारखी लांब.

वामवरून मी ज्यावर जास्त वेळ काढणार आहे तो भाग येतो. सगळ्यात जास्त लोक इथे पडतात आणि सगळ्यात जास्त मजाही इथेच आहे. मराठीतल्या कितीतरी माशांची नावं दुसऱ्याच कुठल्या तरी शब्दाशी जुळी आहेत. वाम म्हणजे डावा. घोळ म्हणजे गोंधळ, शिवाय घोळाची भाजी, शिवाय झग्याचा घेर. मोरी म्हणजे नहाणीतली मोरी. सुरमई हा रंगही. कालवे हे पाटबंधारे खात्याचेही आणि खडकावरून फोडून काढायचे शिंपलेही. हलवा तर काय, गोडाचा पदार्थ, संक्रांतीचा दागिना, पाळणा हलवण्याची आज्ञा आणि पापलेटाचा काळा भाऊ, चारही एकदम. ‘संक्रांतीलाही काटेरी, ताटातही काटेरी’ असा क्लू आला तर तो हलवाच.

असा क्लू ओळखायचा कसा? त्यात ‘ही’ डोकावतो. ‘दिशाही आणि मासाही’, ‘भाजी की मासा?’, ‘एक भाजी, एक मासा’. किंवा क्लू संशय यावा इतका त्रोटक असतो. ‘गोंधळ’ एवढंच लिहून दोन घरं दिली असतील आणि ‘घोळ’ बसत असेल तर तिथे मासा नाहीच. पण ‘पोहणारा गोंधळ’ असं लिहिलं की तोच घोळ मासा होतो. उलटी फसवणूकही असते. ‘तोळ्याचा बारावा भाग’ याचं उत्तर ‘मासा’. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तुमच्या सासऱ्यांना हे हिशेब नक्की माहीत असतील. ‘जाळं विणतो, भिंतीवरही आणि दर्यावरही’, उत्तर कोळी. आणि पक्ष्यांतला सगळ्यात जुना डाव ‘द्विज’. दोनदा जन्मतो तो, एकदा अंडं म्हणून, एकदा अंड्यातून. म्हणून पक्षी द्विज, पडून पुन्हा येतो म्हणून दात द्विज, मुंज होते म्हणून ब्राह्मणही द्विज. कोंबडी आणि मासा या दोघांना एकाच शब्दात पकडायचं तर ‘अंडज’, तीन घरं.

पुराणातले क्लू तुम्हाला जमत असतील, त्यामुळे थोडक्यात. मीन, मत्स्य, झष हे दोन अक्षरी. शफरी म्हणजे चिमुकली मासोळी. तिमिंगिल म्हणजे माशांनाही गिळणारा अजस्र. मासा झेंड्यावर मिरवतो तो मीनकेतन, म्हणजे मदन. कोंबडा झेंड्यावर असतो तो कार्तिकेय. मोठा मासा लहान माशाला खातो तो मत्स्यन्याय. पांड्य राजांच्या चिन्हावर मासे. योगासनांत दोघंही हजर, मत्स्यासन चार घरांचं आणि कुक्कुटासन पाच. आणि म्हणींत गाळलेली जागा असेल तर विभक्ती विसरू नका. ‘पाण्यात राहून ___ वैर’ इथे तीन घरांत ‘माशाशी’ जातं, नुसता ‘मासा’ कधीच बसायचा नाही.

चालू घडामोडींतून एक जोडी सध्या फार येते. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी गुजरातनं घोळ माशाला तो मान दिला. ‘राज्यमासा’ म्हणून चार घरं असतील तर आपला, दोन असतील तर शेजाऱ्यांचा.

आता फोडीचे क्लू. रविवारच्या मोठ्या कोड्यात एखाद-दुसरा असतोच, आणि क्लू वाचून तो अर्थहीन वाटला तर समजा तो फोडीचाच आहे. ‘पातक उशिरा पोचलं, ताटात मात्र मानाचं’, चार घरं. पातक म्हणजे पाप, उशिरा म्हणजे लेट, दोन्ही जोडा. पापलेट. क्लूच्या एका टोकाला खरा अर्थ असतो, दुसऱ्या टोकाला शब्दाचे तुकडे, आणि मधे वाचणाऱ्याला भुलवायला एक वाक्य. शब्द लपवूनही ठेवतात. ‘सागरा वसले त्यातच हा पोहतो’ असं लिहिलं असेल तर ‘सागरा वसले’ हेच घरं पाडून लिहा: सा, ग, रा, व, स, ले. मधोमध रावस बसलाय. ‘त्यातच’ हा शब्द म्हणजे आत शोधा अशी खूण, तशीच ‘पोटात’, ‘दडून’, ‘आतून’ यांची. माझा सगळ्यात आवडता मात्र हा: ‘कोंबडा ओरडला, डा जोडला, मासा झाला’. कोंबड्याचं ओरडणं म्हणजे बांग, त्याला ‘डा’ लावला की बांगडा. तुमच्या दोन्ही अडचणी एका क्लूत.

या सगळ्यानंतर ‘मुंबईचे बदक’ तुम्हाला आपोआप सुटलं असेल. तीन घरं बघून ‘बदक’च लिहावंसं वाटतं, पण क्लूमध्ये असलेला शब्द उत्तरात येत नाही, हा आम्हा रचणाऱ्यांचा अलिखित कायदा. मग ‘मुंबईचे’ हा शब्द कशासाठी आहे ते बघायचं. इंग्रजीत ज्याला बॉम्बे डक म्हणतात तो पक्षी नाहीच, तो आपला बोंबील. पिसं नाहीत, पंख नाहीत, काटाही नावाला. वेसावे, सातपाटी असल्या गावांत बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेला दिसतो. क्लूमध्ये एखाद्या गावाचं नाव विनाकारण घातल्यासारखं वाटलं की थांबा, ते विनाकारण नसतं. तेच ‘लाल तुऱ्याचा’मधल्या ‘लाल’चं. लाल काढला असता तर ताम्रचूड सापडला नसता.

तर यादी. वर्णानुक्रमानं करू नका, घरांच्या संख्येनं करा. वहीत तीन पानं पुरतात. दोन घरांच्या पानावर घोळ, वाम, मोरी, मुशी, रोहू, बोय, कर्ली, कुर्ली, मीन, झष आणि सुकवलेल्या कोळंबीचे सोडे. जाळ्यांतले पाग आणि डोलही इथेच टाका, कारण मासेमारीच्या क्लूत मासा कमी आणि साधन जास्त विचारतात. पाग हातानं फेकायचं, डोल म्हणजे बोंबलासाठी खोल पाण्यात रोवून लावतात ते. तीन घरांच्या पानावर गर्दी होईल: बांगडा, रावस, तारली, हलवा, सरंगा, बोंबील, मांदेली, मरळ, कटला, मृगळ, जिताडा, शेवंड, जवळा, करंदी, कोळंबी, चिंबोरी, सुकट, गाबोळी, आणि जाळ्यांतली रापण. चार घरांत पापलेट, सुरमई, इसवण, मुडदुशी, देवमासा. देवमासा खरं तर मासा नाही, सस्तन प्राणी, आणि क्लू बहुतेक वेळा त्याच्यावरच बेतलेला असतो. प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहून ठेवा: समुद्र की नदी, मोठा की चिमुकला, ताजा की सुका, आणि दुसरा अर्थ असला तर तो. जिताड्यापुढे अलिबाग लिहा, गाबोळीपुढे अंडी. पाठ करायची गरज नाही, चार रविवार ती वही शेजारी ठेवलीत की बास.

राहिला आडवा २१, ‘छोटा शार्क’, दोन घरं. हा मी आत्ता सोडवू शकत नाही, आणि यात तुमची काही चूक नाही. मालवणकडचा रचणारा असेल तर तो ‘मोरी’ लिहील, मुंबई-रायगडकडचा असेल तर ‘मुशी’. दोन्ही नावं दोन घरांची, दोन्हींचं पहिलं अक्षर ‘म’चंच. तुमच्या फोटोत या शब्दाचं दुसरं घर उभ्या १८ मधून जाताना दिसतंय, पण उभ्या १८ चा क्लू तुम्ही लिहिलेला नाही. तिथे ‘री’ बसतोय की ‘शी’ एवढं कळवा. आणि पहिल्या घरातून कुठला उभा शब्द जात असेल तर तोही पाठवा, ‘मो’ की ‘मु’ कळलं तरी काम होईल. तोवर पेन्सिलीनं दोन्ही लिहून ठेवा.